बॉल कुठे पडला ते बघायची ड्युटी

गोल्फच्या यूएस ओपनचं व्हॉलंटियर व्हायचं तर पैसे आपणच भरायचे असतात. त्यात शर्ट, टोपी, जॅकेट आणि गळ्यात घालायचा बिल्ला मिळतो, पँट मात्र आपल्या घरची. हे आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे पैसे देऊन दिवसभर उन्हात उभं राहायचं? आणि जेवायला?" जेवणाचं कूपन देतात म्हटल्यावर ती जरा शांत झाली, पण नंतर मावशीला तिने "तिकडे गोल्फच्या मैदानावर वॉचमनचं काम करतोय" असंच सांगितलं आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूक पण नव्हतं.

मी पिट्सबर्गजवळ राहतो, आयटीवाला. पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर बऱ्याच जणांना माहीत असेल, अमेरिकेतल्या जुन्या देवळांपैकी एक आहे. त्या देवळापासून गाडीने थोडं पुढे गेलं की अ‍ॅलेघेनी नदीच्या काठी ओकमाँट नावाचं छोटंसं गाव लागतं आणि तिथे ओकमाँट कंट्री क्लब आहे. 1903 सालचा क्लब, जेवढ्या यूएस ओपन इथे झाल्या तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच कोर्सवर झालेल्या नाहीत, 2025 ची इथली दहावी. आणि मी इतकी वर्षं शेजारून जाऊन देवळात प्रसाद खाऊन परत येत होतो. मी मूळचा नाशिकचा, आणि नाशिककराला गोल्फ क्लब म्हटलं की जॉगिंग ट्रॅक आणि रणजीची मॅच आठवते, गोल्फ सोडून सगळं. गोल्फ शिकलो तो इथे ऑफिसच्या लोकांबरोबर, आणि खेळतो तोही देवाच्या भरवशावर.

फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो. वेगवेगळ्या कमिट्या असतात, गर्दी सांभाळणारे, स्कोअर नेणारे, शटल बसवाले, आणि मार्शल. मी मार्शल टाकलं कारण तुम्ही थेट प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीच्या आत असता. मग ऑनलाइन ट्रेनिंग, त्यात मुख्यतः काय करायचं नाही तेच सांगतात. सही मागायची नाही, फोटो काढायचे नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खेळाडू स्वतःहून बोलल्याशिवाय बोलायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणी नियम विचारला तर उत्तर द्यायचं नाही, रूल्स ऑफिशियलला बोलवायचं. आपल्या माणसाला हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, माहीत असो नसो आपण मत देणारच.

मला मिळाला तिसरा होल. म्हणजे डाव्या हाताला ते फेमस चर्च प्यूज. तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मध्ये एक लांबच लांब बंकर आहे आणि त्या वाळूत गवताचे डझनभर आडवे बांध आहेत, चर्चमधल्या बाकांसारखे दिसतात म्हणून ते नाव. टीव्हीवर फार सुंदर दिसतं. जवळून बघितलं की कळतं की दोन बांधांच्या मध्ये बॉल पडला तर पुढे मारायला जागाच नाही, आणि बांधावरच पडला तर एक पाय वर एक पाय खाली करून उभं राहायचं. ज्या माणसाने हे डोकं चालवलं असेल त्याला शेजारीपाजारी कसे सहन करत असतील कोण जाणे. हेन्री फाउन्स हा इथला स्टीलचा कारखानदार, त्याने हा कोर्स बांधला आणि त्याचं साधं म्हणणं असं की वाईट शॉट मारला ना, मग शिक्षा झालीच पाहिजे. सव्वाशे वर्षांत क्लबचं मत काही बदललेलं नाही.

प्रॅक्टिसच्या दिवसांत आमच्या टीमलीडने, रिटायर झालेले एक आजोबा, सगळ्यांना रफच्या, म्हणजे खेळायच्या पट्ट्याबाहेरच्या वाढवलेल्या गवताच्या, कडेला उभं केलं आणि खिशातला बॉल कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. सोडला तो गेलाच. म्हणजे आम्ही सहा-सात जण त्याच जागेकडे बघत होतो आणि बॉल दिसत नाही. वाकून गवत बाजूला केलं तेव्हा तळाशी पांढरा ठिपका. ओकमाँटचं रफ या वेळी 5 इंच ठेवलं होतं. 5 इंच ऐकायला काही वाटत नाही, आपल्याकडे पावसाळ्यात सोसायटीच्या मागे याच्या दुप्पट गवत वाढतं, पण ते विरळ असतं. इथलं गवत खत-पाणी घालून इतकं दाट केलेलं की त्यात बोटं घालायला जोर लावावा लागतो, आणि कापायची मशीन अशी की पाती गवत वर ओढून घेतात, म्हणजे ते आडवं पडत नाही, सरळ उभं राहतं आणि बॉल खालीच जातो. आजोबा म्हणाले, आता कळलं ना तुम्ही इथे कशाला आहात?

तर आमचं काम हे. टीवरून, म्हणजे होलची सुरुवात होते त्या जागेवरून, बॉल सुटला की तो कुठे पडतो ते बघायचं, तिथे जायचं, बॉलला हात न लावता शेजारी छोटा झेंडा खोचायचा. सोपं वाटतं ना? बॉल 300 यार्डांवरून तुमच्याकडे येतो, मागे पांढरं आकाश असलं तर तो दिसतच नाही, फक्त धप्प असा आवाज येतो आणि कधीकधी तोही नाही. आणि आवाज आला तरी नजर जागेवरून हलवायची नाही. नजर हलली की संपलं, सगळं हिरवं एकसारखं. दुसऱ्या कोर्सवर लोक झाडाची खूण धरतात, अमुक झाडाच्या सरळ रेषेत पडला वगैरे. ओकमाँटवर झाडंच नाहीत! 1990 च्या दशकात क्लबने झाडं तोडायला सुरुवात केली, ती पण पहाटे अंधारात, मेंबर यायच्या आत, बुंधा काढून वर हिरवळ टाकून मोकळे, म्हणजे कोणाला पत्ता नको. पुढे भांडणं झाली पण तोपर्यंत बरीच झाडं गेली होती, शेवटी हजारोंनी गेली. मूळ कोर्स असाच उघडाबोडका होता, झाडं नंतर लावलेली, हे त्यांचं कारण. ते असेल खरं. पण मार्शलचे हाल होतात. मी शेवटी पलीकडच्या प्रेक्षकांमध्ये एखादा लाल टोपीवाला बघून खूण धरायचो आणि मनात म्हणायचो की बाबा रे, आता दोन मिनिटं हॉटडॉग आणायला जाऊ नकोस.

बॉल शोधायला 3 मिनिटं असतात. पूर्वी 5 होती, 2019 पासून 3 केली. खेळाडू किंवा त्याची बॅग उचलणारा कॅडी शोधायला लागला की वेळ सुरू. त्या 3 मिनिटांत सापडला नाही तर एक पेनल्टी आणि परत टीवर जाऊन मारायचं. हे नियम म्हणून मला माहीत होतं, पण गुरुवारी पहिल्यांदा खरोखर झालं तेव्हा माझ्या हाताला घाम आलेला. बॉल आम्ही बघितलेला, धप्प ऐकलेलं, तरी दिसत नाही. खेळाडू चालत येतोय, लांबून त्याला झेंडा दिसत नाहीये, आणि जसजसा तो जवळ येतोय तसतशी त्याची चाल बदलतेय. मी त्याचं नाव सांगत नाही, पण टीव्हीवर हसतमुख म्हणून ओळखला जाणारा माणूस आहे. तो काही बोलला नाही, ओरडला नाही. फक्त आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. शेवटी एका कॉलेजच्या पोरीच्या बुटाला बॉल लागला. ती घाबरली की आपल्यामुळे त्याला पेनल्टी बसणार, तर तसं नसतं, शोधताना चुकून हलला तर शिक्षा न होता परत जागेवर ठेवतात. ऑफिशियलने ठेवायला लावला. आणि ठेवला तो परत बुडाला!

मग त्याने काय केलं तर वेज नावाची आखूड काठी काढली आणि फेअरवेकडे, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याकडे, जवळजवळ आडवाच मारला, 30 यार्ड पण गेला नसेल. प्रेक्षकांत एकजण म्हणाला की हे तर मी पण केलं असतं. माझ्या मनात आलं की बरोबर आहे, तू पण केलं असतंस, आणि हीच तर यूएस ओपनची गंमत आहे. वर्षभर जो माणूस 200 यार्डांवरून बॉल होलच्या झेंड्याजवळ पाडतो त्याला आमच्यासारखं आडवं मारायला लावायचं.

मला आधी वाटायचं प्रेशर म्हणजे डोक्यातली गोष्ट. शेवटचे होल, करोडो डॉलर, ट्रॉफी, टीव्ही वगैरे. दोरीच्या आत उभं राहून माझं मत असं झालं की इथलं प्रेशर जमिनीतून येतं, आणि ते गुरुवारी सकाळी पहिल्या टीवर सुरू होतं, रविवारी नाही. रफ असं की फेअरवे चुकला तर एक शॉट गेलाच. फेअरवेत राहिला तर ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची एकदम बारीक कापलेली हिरवळ, असे की नुसतं ग्रीनवर पाडून उपयोग नाही, कुठल्या बाजूला पाडला त्याला महत्त्व. पहिलाच होल घ्या, ग्रीन पुढून मागे उतरतं, म्हणजे बॉल पडल्यावर तुमच्यापासून लांबच पळत सुटतो. सकाळी सातला, कॉफी पण नीट उतरलेली नसताना. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर पाचव्या दिवशीच्या फुटलेल्या पिचवर टॉस झाल्या झाल्या बॅटिंग करायची, आणि चारही दिवस तेच पिच.

ग्रीनचा वेग मोजायचं एक साधन असतं, स्टिम्पमीटर. अ‍ॅल्युमिनियमची 36 इंची पट्टी, मध्ये व्ही आकाराची खाच, एका टोकाजवळ बॉल अडकवायची जागा. हळूहळू पट्टी उचलायची, साधारण 20 अंशांवर बॉल आपोआप सुटतो, तो किती फूट घरंगळतो ते मोजायचं, मग उलट्या दिशेने परत, आणि सरासरी. रोजच्या साध्या कोर्सवर 8-9 फूट येतं. इथे 14 च्या पुढे. आणि ही पट्टी आली कुठून तर एडवर्ड स्टिम्पसन नावाचे गृहस्थ 1935 ची यूएस ओपन बघायला आले होते, जीन सॅराझनसारख्या नावाजलेल्या खेळाडूचा पट, म्हणजे ग्रीनवर हलकेच घरंगळवत मारायचा शॉट, ग्रीनवरून घरंगळत बंकरमध्ये गेलेला त्यांनी बघितला, आणि त्यांना वाटलं हे मोजता आलं पाहिजे. ती 1935 ची ओपन कुठे होती? ओकमाँटलाच. म्हणजे अख्ख्या जगाने ग्रीनचा वेग मोजायला सुरुवात केली ती या कोर्समुळे.

मी एकदा शिफ्ट संपल्यावर ग्रीनकीपर लोकांचं काम बघायला मुद्दाम थांबलो. संध्याकाळी शेवटचा ग्रुप पुढे गेला रे गेला की मागे मशीनवाले हजर, देशभरातून दुसऱ्या कोर्सचे लोक मदतीला आलेले. ग्रीन कापतात, परत कापतात, मग रोलर. गवत दोन-अडीच मिलिमीटर उंचीचं राहतं, अंगठ्याच्या नखावर घासलं तर पावडर झाल्यासारखं वाटतं. ही माणसं पहाटे अंधारात परत आलेली असतात. टीव्हीवर यांना कोणी दाखवत नाही पण स्पर्धा खरं तर यांची आणि खेळाडूंची असते, असं मला वाटतं.

गुरुवारी गंमत म्हणजे जे. जे. स्पॉन नावाचा माणूस 66 शॉटमध्ये संपवून गेला, एकही बोगी नाही, म्हणजे कुठल्याच होलवर पारपेक्षा, ठरलेल्या शॉटपेक्षा, एक जास्त लागला नाही. आमच्यातल्या निम्म्या मार्शलना तो कोण ते माहीत नव्हतं. त्याच दिवशी बाजूच्या चौथ्या होलवर पॅट्रिक रीडने 286 यार्डांवरून बॉल थेट कपात घातला, पार 5 वर दोन शॉटमध्ये संपवला, याला अल्बाट्रॉस म्हणतात आणि तो होल इन वनपेक्षाही दुर्मिळ. मी शेजारच्याच होलवर, आणि मला ते एका प्रेक्षकाच्या फोनवरून कळलं. मार्शलचं आयुष्य असंच. जगातलं सगळं पाठीमागे घडतं आणि आपण गवताकडे बघत असतो.

आठवा होल पण सांगायला पाहिजे. पार 3, म्हणजे एका शॉटमध्ये ग्रीनवर पोचायचं, आणि लांबी कार्डवर 289 यार्ड. आमच्या ऑफिसच्या कोर्सवर एवढ्या लांबीचा पार 4 असतो हो! रविवारी तर टी अजून मागे नेऊन 300 च्या वर केलं. खेळाडूंची कुरकुर झाली, पण मला विचाराल तर होल वाईट नाही, आकड्याने लोक घाबरतात. तीन मारून जाणारा माणूस तिथून असा निघतो की जणू काहीतरी चोरून चाललाय.

शुक्रवारी संध्याकाळी वीज कडाडायला लागली आणि खेळ थांबला. 13 खेळाडू कोर्सवरच राहिले, त्यांना शनिवारी सकाळी परत यावं लागलं. कटच्या, म्हणजे शेवटचे दोन दिवस कोण खेळणार ते ठरवणाऱ्या, रेषेवर असलेल्या माणसाला रात्रभर हॉटेलमध्ये पडून राहायचं की सकाळी उठून एक-दोन होल खेळायला जायचंय आणि त्यावर आपण राहतोय की घरी जातोय ते ठरणार, हे मला चार दिवसांच्या लीडपेक्षा जास्त भयंकर वाटतं. कट 7 ओव्हरला, म्हणजे पारपेक्षा 7 शॉट जास्तवर, लागला. आदल्या वर्षी, 2024 ला, पाइनहर्स्टला जिंकलेला ब्रायसन डिशॅम्बो 10 ओव्हर करून घरी.

रविवारी माझी शिफ्ट सकाळची, दुपारनंतर मोकळा, बिल्ला गळ्यात होताच, म्हणून मग फिरलो. स्पॉनचं पहिल्या सहापैकी पाच होलवर बोगी झालेलं. दुसऱ्या होलवर त्याचा शॉट इतका चांगला की बॉल झेंड्याच्या काठीलाच लागला, आणि लागून मागे आला तो घरंगळत घरंगळत ग्रीनच्या पार खाली. चांगल्या शॉटची शिक्षा. फाउन्ससाहेबांच्या हिशेबात हे बसतं का मला माहीत नाही. नंतर वाचलं की त्याची छोटी मुलगी रात्रभर उलट्या करत होती आणि हा पहाटे तीनला औषधाच्या दुकानात गेलेला. फादर्स डे होता.

चारच्या सुमाराला पाऊस आला तो साधा नाही. भोंगा वाजला, खेळ बंद, आम्ही सगळे तंबूत एकमेकांच्या अंगावर. 1 तास 36 मिनिटं थांबलं. परत सुरू झालं तेव्हा कोर्स वेगळाच होता. ग्रीनवर बॉल थांबायला लागले, जे चार दिवस होत नव्हतं, पण रफ ओलं होऊन दुप्पट जड, आणि फेअरवेत चालताना बुटाखाली चुळुक चुळुक. तीन दिवस खेळाडूंनी जे गणित बसवलं होतं ते पुसलं गेलं. माझ्या मते सॅम बर्न्स आणि अ‍ॅडम स्कॉट, जे शेवटच्या जोडीत होते, ते तिथेच अडकले. नवीन जमीन, जुनं गणित. बर्न्सने 78 मारले, स्कॉटने 79.

बर्न्सचं पंधराव्या होलवरचं प्रकरण बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितलं असेल. बॉल फेअरवेत, मध्ये पाणी साचल्यासारखं, त्याने रिलीफ, म्हणजे बॉल शिक्षेशिवाय हलवायची परवानगी, मागितली, एक ऑफिशियल नाही म्हणाला, दुसरा बोलावला, तो पण नाही म्हणाला. मारला तो डावीकडे भरकटला, डबल बोगी. लोकांनी खूप आरडाओरडा केला की स्पष्ट पाणी दिसत होतं. नियम असा आहे की खेळाडू शॉटसाठी उभा राहायच्या आधी किंवा नीट उभा राहिल्यावर पाणी जमिनीवर दिसायला पाहिजे, पाय दाबून वर आणलेलं चालत नाही, नुसती ओली जमीन पण चालत नाही. बॉल मारताना पाणी उडालं हा पुरावा नसतो. त्यामुळे ऑफिशियल नियमाला धरून होते असं म्हणता येईल. पण मी ओल्या बुटांनी तिथे उभा होतो, आणि मला मनातून बर्न्सचंच खरं वाटत होतं. ट्रेनिंगमध्ये मत देऊ नका सांगितलेलं, पण शिफ्ट संपली होती.

एका क्षणी तर लीडवर इतके जण होते, सगळे 1 ओव्हरवर, की शेजारचा एक काका मला विचारायला लागला की आता प्लेऑफ झाला तर मी घरी कसा जाऊ, शटल किती वाजेपर्यंत आहे. मला काय माहीत.

सतराव्या होलवर स्पॉनने टीवरून थेट ग्रीन गाठलं, 314 यार्ड, आणि दोन पटमध्ये बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी. अठराव्याला मी डोक्यांच्या फटीतून बघत होतो, पाऊस परत भुरभुरत होता. त्याला दोन पट चालले असते जिंकायला. अंतर 64 फूट. त्याच्या आधी व्हिक्टर हॉवलंडने जवळपास त्याच रेषेवरून पट मारला आणि स्पॉनला उतार बघायला मिळाला, हे नशीब म्हणा. मारला तेव्हा आधी कोणीच ओरडलं नाही, मग अर्ध्या वाटेवर पुढच्या लोकांनी हळूहळू हात वर करायला सुरुवात केली आणि मला पुढचं काही दिसेना, फक्त आवाज. गेला आत. 279, एक अंडर, अख्ख्या स्पर्धेत पारच्या खाली तो एकटा. आधीच संपवून आत स्क्रीनसमोर बसलेला रॉबर्ट मॅकिन्टायर टाळ्या वाजवत होता, ते मी घरी येऊन रिप्लेत बघितलं. पहिल्या नऊ होलला 40 आणि नंतरच्या नऊला 32. लोक याला मेंटल स्ट्रेंग्थ म्हणतात, असेलच, पण मला दिसलं ते एवढंच की पावसानंतर तो नव्या जमिनीवर खेळत होता आणि बाकीचे दुपारच्या.

कोणाला व्हॉलंटियर करायचं असेल तर थोडं सांगतो. वॉटरप्रूफ बूट घ्या, जे देतात त्या जॅकेटवर विसंबू नका. होल निवडायला मिळत नाही पण विनंती करता येते, आणि ग्रीनजवळची जागा मागू नका, तिथे दिवसभर हात वर करून लोकांना गप्प करायचं काम असतं. टीपासून 300 यार्डांवरची रफची बाजू मागा. खेळाडू चिडलेला, घाबरलेला, कॅडीशी खरं बोलणारा, तिथेच दिसतो. पाण्याची बाटली आणि सनस्क्रीन शिफ्टच्या आधी, नंतर जागा सोडता येत नाही. आणि फॉर्म लवकर भरा. ओकमाँटला 2028 मध्ये विमेन्स यूएस ओपन आहे, पुरुषांची परत 2033 ला. 2028 साठी बायकोने पण नाव द्यायचं ठरवलंय, तिला स्कोअर नेणाऱ्यांमध्ये जायचंय कारण ते लोक खेळाडूंबरोबर चालत असतात. मी मात्र परत गवतच मागणार आहे.